फोटोतला दुसरा हात

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात. कुठली चोरी कुठल्या ब्लॉकमधली, हेही आठवत नाही. पण रविवारच्या मराठी वर्गाचं प्रकरण मात्र तारीखवार लक्षात आहे. त्यात ना रक्त सांडलं, ना कोणी तुरुंगात गेलं. आमच्या ठाण्याच्या नोंदवहीत त्याच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या असतील.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो. माझे वडील बोटीवर इंजिनिअर होते. रत्नागिरीकडून आले आणि सिंगापूर बंदरातच स्थिरावले. माझा जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथल्या पोलीस दलातली. घरी आई मराठीच बोलायची आणि मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. त्यामुळे मला मराठी बोलता येत होतं. लिहिताना मात्र अडखळायचो. आमच्या विभागात मराठी येणारा अधिकारी मी एकटाच, म्हणून ते पत्र माझ्या टेबलावर आलं.

ऑक्टोबर महिना होता. सकाळची हजेरी संपवून मी कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, पहिला घोट घेत होतो, तेवढ्यात माझी सार्जंट पाकीट घेऊन आली. पत्र इंग्रजीत टाइप केलेलं होतं, खाली सही नव्हती. मजकूर असा: बुकित पंजांग वस्तीत रविवारी मराठी शिकवणारी अमुक बाई मुलांना पट्टीने मारते, सोबत एका मुलीच्या हाताचा फोटो जोडला आहे, बाई परदेशी असून इथे नोकरीच्या पासवर राहते, तिला देशाबाहेर काढावं. फोटोत कोपरापासून मनगटापर्यंतचा कोवळा हात होता. त्यावर काळानिळा डाग आणि लांब ओरखडे. पत्राची एक प्रत बाईंच्या कंपनीलाही गेली होती.

लहान मुलाला मारहाण झाल्याची तक्रार निनावी असली तरी बाजूला ठेवता येत नाही. ठेवूही नये. मी त्याच दिवशी बाईंना बोलावून घेतलं.

त्या चाळिशीच्या होत्या. मूळच्या नागपूरच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक होत्या. वर्ग त्या विनामोबदला चालवत. कंपनीने चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. नोकरी गेली तर पास जाणार, पास गेला तर नवऱ्याची इथली नोकरी आणि दोन मुलांची शाळा मध्येच सोडून परतायची वेळ येणार. हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते माहीतच होतं.

फोटो मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, बराच वेळ पाहिला आणि अलगद खाली ठेवला.

"मी कोणत्याही मुलावर कधी हात उगारला नाही, सर. पट्टीनं तर नाहीच."

"ही मुलगी कोण, ओळखता?"

"फोटोत चेहरा नाही," त्या म्हणाल्या.

मी ते उत्तर जसंच्या तसं जबाबात लिहून घेतलं. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीनंतरही आलं नाही.

शत्रुत्व कुणाशी, असं विचारल्यावर त्यांनी दोन वर्गांची हकीकत सांगितली. वन-नॉर्थजवळच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीच्या, हॉलमध्ये फार वर्षांपासून मराठी वर्ग भरत होता. पुण्या-मुंबईची घरं. आठ वर्षांपूर्वी या बाई आणि आणखी तीन-चार बौद्ध कुटुंबं आपली मुलं घेऊन तिथे जाऊ लागली. आधी आडनावं विचारली गेली. मग वाढदिवसांची बोलावणी येईनाशी झाली. मग मुलांच्या डब्यांची टेबलं वेगळी झाली. वर्षभराने या कुटुंबांनी बुकित पंजांगमध्ये राहत्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत स्वतःचा वर्ग सुरू केला.

"तुम्हाला जा म्हणून कोणी सांगितलं?"

"नाही. राहा असंही कोणी म्हटलं नाही."

आता कॉन्डोतल्या वर्गाच्या वयस्कर शिक्षिका कायमच्या पुण्याला परत निघाल्या होत्या. जाण्यापूर्वी त्यांनीच सुचवलं, की दोन्ही वर्ग एक करा आणि बुकित पंजांगच्या बाईंकडे सोपवा, त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारं इथे दुसरं कोणी नाही. वर्गाच्या समितीने ते मान्य केलं. जानेवारीपासून एकच वर्ग भरणार होता. तेव्हापासून कॉन्डोतल्या काही पालकांनी विरोधाचा गट उभा केला होता. बौद्ध घरांच्या टपालपेट्यांत चिठ्ठ्याही पडल्या होत्या: तुमचा वर्ग तुमच्याकडेच ठेवा.

"त्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"फाडून टाकल्या. आम्हाला सवय आहे, सर."

त्या गेल्यावर सार्जंट माझ्याकडे बघत राहिली. ती मलय, वयाने तरुण, कामात चोख. म्हणाली, "सर, सेम रेस, सेम लँग्वेज, फूड ऑल्सो सेम. देन व्हाय कॅनॉट सिट टुगेदर?"

मी तिला जात म्हणजे काय ते सांगायला लागलो. मध्येच तिने विचारलं, कोण कुठल्या जातीचा हे यांना कळतं कसं? मी म्हटलं, आडनावावरून. तिची नजर माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली. "देन युवर्स?" माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून काही कळत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "लकी ला, सर," आणि फाइल घेऊन निघून गेली. त्या 'लकी'चा मी नंतर बराच विचार केला.

विरोधी गटाचे सेक्रेटरी बोलावल्याबरोबर आले. सॉफ्टवेअरमधले गृहस्थ, पंचेचाळिशीचे, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी व्यवस्थित लावलेली फाइल आणली होती: समितीला दिलेलं निवेदन, त्याखाली सह्या, बैठकांचे वृत्तांत. त्यांची मागणी साधी होती म्हणे. वर्ग एक करा, पण प्रवेशासाठी भाषेची परीक्षा घ्या आणि दोन तुकड्या ठेवा. मुलांच्या कानांवर शुद्ध भाषा पडावी, एवढंच.

"म्हणजे एका छपराखाली दोन वर्ग," मी म्हटलं.

"तसं नाही साहेब. आपण सगळे एकच आहोत. फक्त एकदम नको, टप्प्याटप्प्यानं व्हावं."

"आणि हे पत्र?"

"छे, छे! आम्ही सगळं सनदशीर मार्गानं करतो." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आमच्यात एक-दोघं जरा उग्र आहेत. आमचंही ऐकत नाहीत."

त्या उग्र माणसाला सगळे 'चीफ' म्हणत. मोठ्या जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून पंचवीस वर्षं काढलेला, आता किनाऱ्यावर जहाजांच्या दुरुस्तीची देखरेख करणारा. तो खुर्चीवर बसण्याआधीच बोलायला लागला.

"साहेब, आपण मूळचे कुठले?"

"सिंगापूरचा."

"तसं नाही हो. म्हणजे आपण..."

"बसा," मी म्हटलं.

वर्ग एक होऊ नये असं त्याने उघड सांगितलं. सेक्रेटरी मऊ आहे, अर्ज-विनंत्या करत बसला तर पोरं त्यांच्यात मिसळून मोठीही होतील, असंही म्हणाला. बौद्ध घरांबद्दल तो जे बोलला त्यात आडपडदा नव्हता. पण पत्राचं नाव काढताच टेबलावर हात आपटून म्हणाला, "मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. निनावी पत्रं बायकी काम!"

मला ते खरं वाटलं. रागीट माणूस मनात काही ठेवत नाही, असं आपण उगीच धरून चालतो. मी त्याला जाऊ दिलं.

त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारी, ठाण्याच्या फोनवर एका बाईने 'मराठी बोलणारे साहेब' हवेत म्हणून सांगितलं. मी फोन घेतला. आवाज अगदी दबलेला होता.

"तो फोटो बाईंच्या वर्गातला नाही. पुलाउ उबीन बेटावरच्या सहलीतला आहे, मार्चमधला. मुलगी सायकलवरून पडली होती." मग घाईघाईने म्हणाली, "मुलीला विचारू नका. प्लीज, मुलीला काही विचारू नका." फोन बंद झाला.

खबर देणाऱ्याच्या शब्दांपेक्षा तो कशाची भीक मागतो, ते मी नेहमी आधी पाहत आलो. ही बाई स्वतःचं नाव गुप्त ठेवा असं म्हणाली नव्हती. 'मुलीला विचारू नका' म्हणाली होती. असं आईच म्हणते.

मार्चच्या सुट्टीत त्या वयस्कर शिक्षिकांच्या आग्रहाने दोन्ही वर्गांची मिळून एक सहल गेली होती, हे सेक्रेटरींच्या फाइलमधल्या एका वृत्तांतात होतंच. सहलीला गेलेल्यांची यादीही होती. सेक्रेटरींचं सगळं कुटुंब तिच्यात होतं, दहा वर्षांच्या मुलीसह. चीफ गेला नव्हता. त्या आठवड्यात त्याच्या देखरेखीखालचं एक जहाज दुरुस्तीसाठी गोदीत होतं.

मी सेक्रेटरींना पुन्हा बोलावलं. या वेळी फाइल आणू नका असं सांगितलं. सार्जंट कोपऱ्यात बसली. मी फोटो टेबलावर ठेवला.

अनोळखी फोटो दाखवला की माणूस वाकून पाहतो. सेक्रेटरींनी फोटोकडे पाहिलं न पाहिलं केलं आणि नजर भिंतीकडे नेली.

"हा हात कुणाचा?"

"मला कसं कळणार?"

"मी बाहेरच्या कुणाचा हात दाखवत नाही तुम्हाला."

मी फोटो त्यांच्याकडे आणखी सरकवला. सार्जंट लिहायची थांबली. बाहेर कुणीतरी हरवलेल्या पाकिटाची तक्रार देत होतं, त्याचा आवाज आत येत होता. सेक्रेटरींनी चष्मा काढला आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले.

"माझ्या मुलीचा."

"कधीपासून माहीत आहे?"

"पत्राची प्रत आमच्या पालकांच्या ग्रुपवर फिरली त्याच दिवसापासून. अकरा दिवस झाले."

"पाठवलं कुणी?"

त्यांनी चीफचं नाव घेतलं. गट फुटायला आला होता. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांजवळ बसून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. चीफ म्हणाला होता, तुमच्या सह्यांनी काही होणार नाही, मी पंधरा दिवसांत बाईला घरी पाठवतो. तेव्हा सेक्रेटरींनी त्याला अडवलं नाही. नुसतं म्हणाले, यात माझं नाव नको. मग पत्र आलं आणि त्यात त्यांना स्वतःच्या मुलीचा हात दिसला.

"अकरा दिवस तुम्ही गप्प बसलात?"

"मला वाटलं, चौकशीत काही निघणार नाही, आपोआप मिटेल. सांगितलं असतं तर आमच्या सगळ्या चळवळीला काळिमा लागला असता. आम्ही सभ्य मार्गानं चाललो होतो, साहेब..."

"आणि बाईंची नोकरी?"

या प्रश्नावर ते रडले. आवाज न करता, खांदे हलवत. सार्जंटने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग त्यांनी आपला फोन काढला, मागे मागे जात एक फोटो शोधला आणि माझ्यापुढे धरला.

मूळ फोटो तो. त्यांच्या पत्नीने सहलीतच काढलेला. उबीनच्या धक्क्याजवळच्या बाकावर मुलगी बसली आहे. गालांवर ओले ओघळ, तरीही हसते आहे. तिचा खरचटलेला हात एका बाईने खालून अलगद धरला आहे आणि दुसऱ्या हाताने ती जखमेवर पाणी ओतते आहे. खाली सेक्रेटरींच्या पत्नीने लिहिलं होतं: बाई होत्या म्हणून बरं. मनापासून आभार.

त्या बाई म्हणजे बुकित पंजांगच्याच बाई.

सार्जंट उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने फोटो पाहिला, पुन्हा जाऊन खुर्चीत बसली आणि लिहायला लागली.

त्याच संध्याकाळी चीफला आणलं. फोन ताब्यात घेतला. आधी तो ओरडला. मी त्याला ओरडू दिलं, आणि तो थांबल्यावर मूळ फोटो पुढे ठेवला. त्याने खांदे उडवले.

"हो, मीच पाठवलं. फोटो ग्रुपवर होता. बाजू कापल्या आणि लावला."

"हा दुसरा हात कुणाचा, ते पाहिलंत?"

"असेल कुणा आईचा. चेहरा नीट पाहिला नाही, खालची ओळही वाचली नाही, आणि मी गेलो नव्हतो सहलीला."

"ज्यांच्याविरुद्ध पत्र लिहिलंत, त्यांचा आहे."

त्याने फोटो ओढून घेतला. खिशातून वाचायचा चष्मा काढून लावला, पुन्हा पाहिलं.

"त्यांनी धुतली जखम?" त्याने विचारलं.

"हो."

मग तो बोलला तेव्हा आवाज वेगळा होता. माझी मुलगी लहान असताना मी समुद्रावर होतो, म्हणाला. किनाऱ्यावर आलो तेव्हा ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, पाहुण्याशी बोलावं तशी. रविवारच्या वर्गाला मी तिला घेऊन जायचो, येताना ती मला नवे शब्द म्हणून दाखवायची. तेवढंच आमचं बोलणं. तो वर्ग दुसऱ्याच्या हाती गेला तर माझ्याकडे काय राहणार, असं वाटलं.

मी ते ऐकून घेतलं. मला वाईटही वाटलं. पण त्याला सांगितलं, की तुमच्या मुलीला मराठी शिकवायलाच त्या बाई येणार होत्या, आणि त्यांच्या आडनावाखेरीज तुम्हाला त्यांच्यात काही खटकलं नव्हतं. जबाब मी त्याला वाचून दाखवला, त्याने एकही शब्द न बदलता सही केली.

खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. कागद सरकारी वकिलांकडे गेले. तिथून बाईंचं म्हणणं मागवण्यात आलं. त्यांनी शिक्षेची मागणी केली नाही. कंपनीला लेखी कळवा आणि ज्या-ज्या ग्रुपवर पत्र फिरलं तिथे त्याने स्वतः लिहावं, एवढंच म्हणाल्या. चीफला कडक ताकीद मिळाली. त्याने ग्रुपवर लिहिलं, स्वतःच्या नावाने. बाई पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाल्या.

फाइल बंद करण्यापूर्वी मी त्यांना शेवटचं बोलावलं. मूळ फोटो पाहून त्यांना आश्चर्य वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फोटो पाहिला आणि हसल्या.

"छान आलाय. मला कोणी पाठवलाच नव्हता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "तुम्ही पहिल्या दिवशीच ओळखला होता हा हात."

"मी धुतला ना तो, सर. मनगटावर तीळ आहे. ओळखणार नाही?"

"मग सांगितलं का नाही? तुम्ही त्याच दिवशी सुटला असता!"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिलाच बोलावलं असतं. बोलवावंच लागलं असतं, तुमचं कामच आहे ते. दहा वर्षांची पोर ह्या खोलीत बसून बाप आणि बाई यांच्यातून एकाला निवडून राहिली असती. मला ते बघवलं नसतं. नोकरी काय, दुसरी शोधली असती."

"आणि नसती मिळाली तर?"

"तर नागपूरला जाऊन शिकवलं असतं."

मी माझ्या नोकरीत अनेकांना गप्प बसलेलं पाहिलं. भीतीने गप्प, लाजेने गप्प, संगनमताने गप्प. या प्रकरणात एकच गोष्ट दोघांनी दडवली होती. एकाने स्वतःला जपण्यासाठी आणि दुसरीने त्याच्या मुलीला जपण्यासाठी. बाहेरून दोघांचं गप्प राहणं सारखंच दिसत होतं. फरक ओळखण्यात मी चुकलो. त्या मुलीला मी कधीच भेटलो नाही, कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही, याचं समाधान आहे. आणि तो फोन कुणी केला, हे मी सेक्रेटरींना सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

या प्रकरणाने मला आणखी एक शिकवलं. अशा गटांत जो ओरडतो त्याच्यावर आपण नजर ठेवतो. पण ओरडणाऱ्याला धीर येतो तो शेजारी बसलेल्या सभ्य माणसामुळे, जो 'माझं नाव नको' एवढंच म्हणतो. त्यानंतर कुठल्याही तंट्यात मी आधी त्या सभ्य माणसाला बोलावत असे आणि आधी हेच विचारत असे: तुम्हाला काय माहीत होतं, आणि कधीपासून?

जानेवारीत वर्ग एक झाला, परीक्षा न घेता. सहा घरं सोडून गेली. सेक्रेटरी पहिल्या रविवारी आले आणि दारात उभे राहिले. त्यांना बाईंशी काही बोलायचं होतं, ते बोलता येईना. बाई म्हणाल्या, "आत या, खुर्च्या कमी पडून राहिल्या, शेजारच्या खोलीतून आणा." त्यांनी खुर्च्या आणल्या.

निवृत्तीनंतर मीही त्या वर्गाला जाऊ लागलो, लिहायला शिकायला. सगळ्यांत मागे बसतो. हा लेख लिहून झाल्यावर बाईंना वाचायला दिला. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, स्वतःबद्दलची दोन विशेषणं काढून टाकली. चौकशीत चीफ त्यांच्या समाजाबद्दल जे वाक्य बोलला होता, ते मी शब्दशः लिहिलं होतं. त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली.

"खरं आहे ते, तो बोलला होता," मी म्हटलं. "राहायला हवं."

"त्याची मुलगी आता आपल्या वर्गात येते," बाई म्हणाल्या. "मराठी वाचायला लागली आहे ती."